माडाची उंची

रत्नागिरीत आमच्या घरामागे तीन माड होते. दर दोन-तीन महिन्यांनी एक जण सायकलवरून येऊन नारळ पाडून जायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्याआधी दारूचा वासच अंगणात यायचा. पण कमरेला कोयता अडकवून तो सरसर चढायचा, वर शीळही घालायचा.

नव्व्याण्णव साली दिवाळीनंतर आला, तेव्हा वास नव्हता. "सोडली," एवढंच म्हणाला. शीळही गेली. आता तो आधी माडाखाली बसून शेंड्याकडे बघत राही. उठून खोडाला हात लावी, परत बसे. एकदा मला राहवेना.

"काय बघता एवढं?"

"वयनी, पिऊन चढायचो तेव्हा ह्यो माड एवढा उंच नव्हता ओ."

"मग नका चढू आज."

"चढतो. तुम्ही फक्त आत जाऊ नका. पडवीत बसून कायतरी बोलत ऱ्हावा."

मी कालचं माशाचं कालवण कसं खारट झालं ते सांगू लागले, मग शेजारच्या लग्नातली भांडणं. तो दर वाक्याला "हां" म्हणत वर सरकत होता. शेंड्याजवळ पोचला तसं मला वाटलं, झालं. मी गप्प बसले.

वरून लगेच आवाज आला, "वयनी, मग?"