गलत्याचा रंधा

आमच्या गावचा इंद्रभान चिखलीत प्लायवूडचं फर्निचर करतो. किचनच्या ट्रॉल्या, टीव्हीची कपाटं, सनमायका चिकटवणं. पोट त्यावर भरतं, जीव मात्र जुन्या अवजारांत. त्याच्या पलंगाखाली करवती, वाकस अन् पटाश्या एवढ्या, की झाडू आत जात नाही. भंगारातली गंजकी पटाशी हाती आली की तो आधी ती कानाशी धरतो अन् नखानं टिचकी मारतो. आवाज लांबला की चेहरा असा फुलतो, जसा पोट्ट्याचा दहावीचा निकाल लागला.

यंदाच्या मार्चात वस्तीतल्या वाचनालयाच्या दाराच्या चौकटीचा प्रश्न उभा राह्यला. जुन्या लोकांनी मजुरी सांभाळून, एकेक दिवस श्रम देऊन बांधलेलं हे वाचनालय. चौकट सागवानाची. तिच्या कडेनं दोन घळी अन् मधात फुगवटा अशी लांबच लांब नक्षी. सुतार तिला गलता म्हणतात. डावा खांब उधईनं पार पोखरला. वाचनालयाचा अध्यक्ष शेषराव, म्हणजे इंद्रभानचा शाळेतला जोडीदार, त्यानं फर्मान काढलं, "आख्खी काढून टाकू. ग्रॅनाइट बसवू. रविवारी माणूस येऊन राह्यला."

"एक दात किडला तं तू जबडाच काढतं का बे?" इंद्रभान उखडला.

"मंग कर तसाच खांब. गलता जुळला पाह्यजे. ठिगळ दिसलं तं ग्रॅनाइट!"

इंद्रभाननं नक्षी काढायच्या मशीनला चिखलीत मिळाल्या तेवढ्या बिटा लावून पाह्यल्या. एकही जुळेना. हा गलता हातरंध्यानं काढलेला, त्याला तसलाच रंधा पाह्यजे. सडक्या खांबाचा वीतभर तुकडा त्यानं कापून घेतला, थैलीत टाकला, अन् गुरुवारी सकाळी मला फटफटीवर मागं बसवून खामगाव गाठलं.

तिसऱ्या भंगारवाल्याकडं कुकरच्या झाकणांखाली एक पोतं होतं. त्यातून शिसवाचा एक काळाभोर रंधा निघाला. इंद्रभाननं रंध्याचा तळ त्या तुकड्याच्या गलत्यावर टेकवला. बसला! पुढं सरकवला, मागं ओढला. कुठं डगमग नाही, कुठं फट नाही.

"अबे पाह्य! पाह्य तं!" तो एवढ्या जोरात ओरडला, की भंगारवाल्याच्या हातातला चहा हिंदकळला.

पण रंध्याच्या पोटात पातं नव्हतं. नुसतं खोकं. अन् असं पातं नवं करायचं तं घळीगणिक कानशीनं घासत आठ दिवस जातात. हाती होते तीन.

"पातं कुठी हाये?"

"हे नांदुऱ्याच्या सत्यभामाबाईचं सामान," भंगारवाला म्हणाला. "तिचा मालक सुतार होता. तो वारल्यावर सारं देल्लं तिनं, पातं तेवढं ठेवून घेतलं."

"काऊन?"

"तवा खरवडाले."

इंद्रभान मटकन् पोत्यावरच बसला. "तवा खरवडून धार राह्यते का कुठी! गेलं ते पातं." तोंडानं हे म्हणत होता अन् पायानं फटफटीला किक मारत होता. नांदुऱ्यापर्यंत मी डोळे मिटूनच बसलो. असा वाहन हाकणारा माणूस उघड्या डोळ्यांनी पाहू नये.

सत्यभामाबाई भाकरी करून उठतच होत्या. वय सत्तरीपार, आवाज तिशीतला. पातं त्यांच्या हातातच होतं. चपटं, काळं, अर्ध्याला चिंधी गुंडाळलेली.

"मावशी, हे पातं मले द्या."

"अन् मी काय नखानं खरवडू?"

"नवं उलथनं आणून देतो."

"तीन पडले हायेत घरात. वाकतात मेले."

"बरं, एकवार पाहू तं द्या."

त्यानं पातं घेतलं अन् चिंधी सोडायला लागला.

"सांभाळून, भाऊ," बाई म्हणाल्या. "तिकडून धार हाये. म्हणून तं गुंडाळलं. मी बोथटीकडून खरवडतो."

इंद्रभानचा हात थांबला. मग भराभर चालला. पहिला पदर काळा, दुसरा तेलकट, शेवटचा लोखंडाला चिकटूनच बसलेला. तो निघाला अन् खाली दोन गोल दात, मधात खाच, जशीच्या तशी! इतकी वर्षं तेलाच्या हाताखाली राह्यलेलं पातं. गंजाचा ठिपका नाही. त्यानं नखावर टेकवलं, तं नखाचं सालपट निघालं.

"मावशी!" तो असा उडाला, की डोकं वरच्या फळीवर आपटलं. "अवो, तुम्ही पातं नाई ठेवलं, लोणचं घातलं त्याचं!"

"नाचू नका. याच्यावाणी खरवडणारं काही हाती ठेवा अन् घेऊन जा. नाईतं राहू द्या."

त्यानं थैलीतून पुट्टीची पत्ती काढली. बाईंनी तव्यावर दाबली, ती वाकली. पटाशी दिली.

"यानं काय दात कोरू?"

"मंग काही नाई, मावशी."

"अन् ते काय लपवून राह्यले?"

थैलीत उरलं होतं त्याच्या मोठ्या रंध्याचं पातं. तीन बोटं रुंद, जाड, जुन्या पोलादाचं. चार वर्षं एका म्हाताऱ्या सुताराच्या मागं लागून मिळवलेलं. मलासुद्धा हात लावू देत नव्हता. बाईंनी ते उलटं धरलं अन् तव्यावर ओढलं. खर्रर्र! करपलेला थर आख्खा सुटला.

"हे जमते."

इंद्रभान माझ्याकडं पाहायला लागला. मी भिंतीकडं.

"द्यायचं नसंल तं भाकर खा अन् जा," बाई म्हणाल्या.

त्यानं दिलं. धारेला स्वतः तेल लावून, चिंधी घट्ट बांधून दिलं. अन् भाकरही खाल्ली, ठेच्यासोबत दोन.

शनिवारी खांबाच्या लाकडावर रंधा चालला. पहिला हात खडखडला. लाकूड फिरवून घेतलं, पात्याच्या पाचरीवर हलकी ठोक दिली, दुसरा हात मारला. आख्ख्या लांबीची साल वळत-वळत वर आली. इंद्रभाननं अशी हाळी दिली, की शेजारच्या बाया अंगणात आल्या.

रविवारी खांब बसला. शेषरावनं वरच्या कोपऱ्यात, नवा खांब जुन्या पट्टीला मिळतो तिथं, डोळे मिटून बोट फिरवलं. वरून खाली. खालून वर.

"जोड कुठी हाये बे?"

"शोध."

शेषरावनं डोळे उघडले, पुन्हा बोट फिरवलं, मग खिशातून फोन काढला. "भाऊ, ग्रॅनाइटची गाडी भरू नको. नाई, पैशाचं काही नाई. लाकूडच ठेवून राह्यलो."

इंद्रभानला यातलं काही ऐकू गेलं नाही. तो उजव्या खांबाच्या बुडाशी उकिडवा बसून बोटाच्या पेरानं ठोकत होता.

"शेषराव, इकडे ये बे! हाबी पोकळ वाजून राह्यला!" अन् त्याचा चेहरा निव्वळ फुलला होता.