डांगराचं लगीन

गावाकडच्या मंडळींनो, अन् माझ्यासारखं गाव सोडून बसलेल्यांनो, खरं सांगतो. अर्धापूरच्या फाट्यावर मला पोचवायला एकटी माय अन् आठशे कुत्री आली होती. लातूर नवा जिल्हा झालेला, तिथं मला कारकुनी लागलेली. गावात दुष्काळ असा, की विहिरीत डोकावलं तर तळातलं कासव विचारायचं, "पाणी आणलंस का?"

"माय, तूबी चल."

"तुज्या लातुरात डांगर धरतंय का?" पदराच्या गाठीतल्या लाल भोपळ्याच्या बिया तिनं माझ्या खिशात घातल्या. "फळ धरलं तर येते. जिथं वेल रमत न्हाई तिथं मी काय रमू?"

एसटी हलली.

भाड्याच्या खोलीमागं न्हाणीच्या पाण्यावर बिया टाकल्या. वेल पत्र्यावर चढला, शेजाऱ्याचा रेडिओ ऐकायला त्याच्या खिडकीत शिरला. पण फळ? मादी फुलाखाली लिंबाएवढं दिसायचं, पिवळं पडायचं, गळायचं. मधमाश्यांनी बहुतेक बदली करून घेतली होती. मग मीच आंघोळ, चहा, पेपर उरकून, दहाला ऑफिसला निघता निघता, नर फूल मादीला टेकवायचो. गळती चालूच.

तिकडं माय एकटी घोटभर पाण्यासाठी टँकरमागं पळून राहिली होती. सोसवेना. पत्र टाकलं: "डांगर धरलं. वासराएवढं हाय."

माय आली. वेल पाहिला, मला पाहिलं.

"वासरू कुठं बांधलंस?"

मी वेलाखाली गळून पडलेलं पिवळं लिंबू उचलून तिच्या हातावर ठेवलं.

"फुलाला फूल कवा लावतूस?"

"दहाला."

"लई साहेब झालास की रे! उन्हं चढली की फूल मिटतंय. मांडव उठल्यावर वरात नेतूस व्हय?"

दुसऱ्या दिवशी तिनं तांबडं फुटतानाच उठवलं. नर फुलाच्या पाकळ्या सोलल्या, आतला पिवळा दांडा मादी फुलात हळूच फिरवला. "लागलं लगीन."

आठ दिवसांनी लिंबाचा पेरू झाला. माय म्हणाली, "हे पिकंपर्यंत हाय मी. मंग जाते."

मी पडलो कारकून. प्रकरण लांबवणं हाच आमचा हुन्नर. दर आठवड्याला एक लगीन लावत गेलो. वेलावर एक तरी फळ कच्चं राहायचंच. "एवढं पिकू दे," माय म्हणायची.

एकदा मात्र झोप लागून गेली. धावत मागं गेलो तर ऊन आलेलं, मादी फूल मिटलेलं. मग खाली पाहिलं: पाकळ्या सोललेलं नर फूल, ताजं. माय चुलीपुढं भाकर थापत होती. तिनं मान वर केली नाही.

गावाकडच्यांनो, तुम्ही पत्रात विचारता, घरी कधी येता? येऊ की, पाव्हणे म्हणून. इथं कोणी आम्हाला गाव विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत माय सांगते, "लातूर."