शिवलालचं मरण

शिवलाल बिसेनइतकं देखणं मरणं तिरोड्याकडच्या आमच्या पट्टीत कुणालाच जमलं नाही. जगणं मात्र त्याचं यथातथाच. धानाच्या बांधीत चिखल करताना हा बैलांच्या आधी दमायचा. पण दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली आणि दंडारीचा, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचा, खेळ उभा राहिला, की गडी तलवारीखाली असा तडफडून मरायचा की लोक 'वन्स मोअर' ओरडत. मग मेलेला शिवलाल उठायचा, मुजरा करायचा आणि पुन्हा मरायचा.

हे उठणं म्हणजे बायकोची अट होती. रामकलीला नवऱ्याचं खोटं मरणही अशुभ वाटे, म्हणून ती दंडारीला कधी फिरकली नाही. तिने बजावलं होतं, "मराचं त मरा, पन लोकायसमोर उठा लागन. नाही त मी बांगड्या फोडीन, अन् मंग खरंच मेले असं समजा."

छप्पन साली हिरालाल नावाचा डायरेक्टर कॅमेरा घेऊन आला. त्याला जुनं रोम हवं होतं आणि खिशात दमडी नव्हती, म्हणून त्याने आमच्या शेजारचा बोदलकसा तलाव गाठला. तलावाच्या पाळीवर रोम वसलं. पितळी पराती ढाली झाल्या, गंजाच्या पातेल्याला झाडू बांधून शिरस्त्राण झालं. अंगभर धोतरं गुंडाळून आमची मंडळी रोमची जनता म्हणून बसली. अर्धं रोम तंबाखू मळत होतं. शिवलाल झाला ग्लॅडिएटर, म्हणजे राजाच्या करमणुकीसाठी मरेस्तोवर लढणारा गुलाम. त्याला मारणारा हिरो इतका किडमिडीत, की त्याच्या हातून पडणं हाच मोठा अभिनय होता.

शिवलाल मेला. काय मेला! रोमच्या जनतेला राहवलं नाही. "वन्स मोअर!" शिवलाल उठला, कॅमेऱ्याला मुजरा केला आणि पुन्हा मेला.

"मुर्दा उठा कैसे?" हिरालाल किंचाळला.

"न उठून कसं चालन? घरी बायको आहे ना माही!" शिवलाल म्हणाला.

पिक्चर गोंदियाच्या टॉकीजला लागला. शिवलालने नाना मिनतवाऱ्या करून रामकलीला आणलं. "मी उठतोच, तू पाहा त," म्हणाला. बायका एका बाजूला बसल्या, आम्ही दुसऱ्या.

पडद्यावर शिवलाल मेला. टॉकीज दणाणली, "वन्स मोअर!" शिवलाल उठला नाही. हिरालालने त्याचं उठणं कापून टाकलं होतं. हिरो राजकन्येला घेऊन चालायलाही लागला. एवढ्यात बायकांकडून हुंदका आला, मग बांगड्या वाजल्या.

चारचौघांत बायकोचं नाव कधी न घेणारा शिवलाल बाकावर चढला. त्याची सावली हिरोच्या तोंडावर पडली.

"उठलो वं रामकली! हा पाहा, जित्ता आहो!" ओरडून त्याने मुजरा केला.

अंधारातून रामकलीचा आवाज आला, "उठले ना? आता पुन्हा मरू नोका."

पुढच्या मंडईपासून शिवलालने मरणं सोडलं. दंडारीत त्याला राजा केला. इतका रद्दी राजा मी जन्मात पाहिला नाही, पण रामकली पहिल्या रांगेत बसून बघायची.