मेजरसाहेबांच्या आईसाठी

भिलाईच्या सेक्टर दहामधले आमचे मेजरसाहेब मराठी शिकले ते फौजेत. बगदादहून आईच्या कडेवर ते मुंबईत आले, मोठेपणी आपल्या सैन्यात अधिकारी झाले. त्यांच्या पलटणीतले बहुतेक जवान साताऱ्याकडचे होते. बायको इथल्या इस्पितळात नर्स, म्हणून निवृत्तीनंतर ते भिलाईतच राहिले. रस्त्यावरचा दिवा बंद दिसला की दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन ऑफिसात हजर. बाबू टाळाटाळ करू लागला की "मी थांबतो," म्हणायचे आणि पाठ ताठ ठेवून खरंच बसून राहायचे.

बायको गेल्यानंतरच्या वर्षी एका संध्याकाळी त्यांनी आम्हा नऊ शेजाऱ्यांना घरी बोलावलं. त्यांच्या आईचा स्मृतिदिन होता. मेजरसाहेब ज्यू. गेलेल्या आईबापांसाठी म्हणायच्या त्यांच्या प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात, आणि इथे ते एकटेच.

"मग आमी चालतो का, साहेब?" शेजारच्या क्रेन ऑपरेटरने विचारलं.

"नाही चालत. तरी उभे राहा."

डोक्यावर टोपी घालून ते त्यांच्या जुन्या भाषेत वाचू लागले आणि मध्येच थांबले.

"इथे बाकीच्यांनी आमेन म्हणायचं असतं," ते हळूच म्हणाले. "मुंबई सोडल्यापासून मी एकटाच म्हणतो."

"आमाले आधीच सांगाचं ना, साहेब," ऑपरेटर म्हणाला आणि हात जोडून "आमेन" म्हणाला. मग आम्ही सगळेच म्हणालो.

पुढची ओळ वाचायला मेजरसाहेबांना बराच वेळ लागला.