काचबाईंचा पेशंट

“नाही म्हणजे नाही. सुट्टीच्या दिवशी लॅब उघडून दिली, हेच खूप झालं.”

“मग बंद करून टाक. पण आधी सांग, त्या बाळंतिणीला वाचवायला माझ्या हातात किती वेळ होता?”

“ते मी कुठून सांगू? मी होते का तिथे?”

“तू नव्हतीस, मी होते. तिचे सगळे आकडे माझ्या डोक्यात आहेत. मी सांगते, तू भर. बाकीचं मशीन सांगेल.”

“गेलेल्या माणसाचं मशीन काही सांगत नसतं, बयो. शिकवायचं खेळणं आहे ते.”

“खेळणं?” लेक हसली, पण ते हसू ओठांच्या पुढे सरकलं नाही. “एवढी वर्षं तुम्ही सगळ्यांनी त्याच्यासमोर आम्हाला घाम फोडलात, तेव्हा कुणी म्हणालं नाही खेळणं आहे म्हणून.”

आई काचेच्या आत बसली होती, कीबोर्डवर हात ठेवून. लेक बाहेरच्या खोलीत, पलंगावरच्या पुतळ्याशेजारी उभी होती. काच अशी, की आतल्याला बाहेरचं सगळं दिसावं आणि बाहेरच्याला दिसावा फक्त आपलाच चेहरा. त्यामुळे लेक भांडत होती ती आईशीच, पण बघत होती स्वतःकडे. गेल्या आठवड्याभरात तिच्या डोळ्यांखाली काजळ फासल्यासारखं झालं होतं.

काचबाई हे आईचं नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. मेडिकल कॉलेजच्या त्या लॅबमध्ये बाई कधी कुणाच्या समोर यायच्याच नाहीत, फक्त काचेआडून ऐकू यायच्या. पलंगावरचा रबरी पुतळा निव्वळ दाखवायला. खरा पेशंट कॉम्प्युटरच्या आत. तिथे हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं, नसा, सगळी गणितात मांडलेली आणि एकमेकांत गुंतवलेली. रक्त कमी झालं की नसा आवळायच्या, हृदय धावत सुटायचं, मूत्रपिंडं पाणी धरून ठेवायची. एकाचं बिनसलं की बाकीचे सावरायला पळतात, भरल्या घरासारखं. हे सगळं प्रोफेसरांनी उभं केलेलं. ते त्यावर संशोधन करायचे, नव्या औषधाने शरीर कसं वागेल याचे अंदाज बांधायचे, आणि त्याच मॉडेलवर मुलांना शिकवायचे.

काचबाई तिथे लागल्या टायपिस्ट म्हणून. प्रोफेसरांचं अक्षर त्यांच्याशिवाय कुणालाच लागायचं नाही, त्यामुळे समीकरणं त्यांच्याच हातून कॉम्प्युटरमध्ये गेली. मग पुतळा आला आणि त्याला आवाजाची गरज पडली. आधी प्रोफेसरांनी स्वतः मायक्रोफोन धरला. “मला श्वास घेता येत नाही,” असं ते इतकं ठणठणीत म्हणाले, की पोरं हसून लोळली. वैतागून त्यांनी मायक्रोफोन बाईंकडे ढकलला. “तुम्ही बघा हो जमतं का.” बाईंनी एकच वाक्य म्हटलं आणि वर्गात चिडीचूप. नवरा गेला त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. दम लागलेलं माणूस शब्द कुठे तोडतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्या दिवसापासून त्या दम्याने घुसमटल्या, हार्ट ॲटॅकने तळमळल्या, बाळंतपणात रक्ताने रिकाम्या झाल्या. शाळा सुटल्यावर लेक तिथेच कोपऱ्यात दप्तर टाकून बसायची.

“आज कोण मेलं गं?”

“इथे कुणी मरत नाही.”

“कसं काय?”

“वशिला आहे आपला.”

वशिला खराच होता. प्रोफेसर त्याला तळ म्हणायचे. पूर्वी एका मुलीसमोर पेशंट दगावला. पुतळाच, पण ती मुलगी त्यातून सावरलीच नाही, कॉलेज सोडून घरी निघून गेली. तेव्हा प्रोफेसरांनी मॉडेलमध्ये एक आकडा घातला. शिकाऊ पोरांच्या हाती पेशंटचं ब्लडप्रेशर त्याच्या खाली जायचं नाही. तिथे ते लोंबकळत राहायचं, कुणाला तरी योग्य गोष्ट सुचेपर्यंत. विद्यार्थ्यांना हे सांगायचं नाही, असा नियम होता. कळलं तर हातपाय ढिले सोडतील. बाईंनी तो नियम देवाच्या शपथेसारखा पाळला. पोटची पोर त्याच वर्गात शिकायला आली, तरी घरी कधी अवाक्षर काढलं नाही. आपण लेकीला झुकतं माप दिलं नाही, याचा त्यांना केवढा अभिमान.

आणि गेल्या आठवड्यात वॉर्डात लेक एकटी ड्यूटीवर असताना एका ओल्या बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला. प्रेशर उतरत उतरत त्या ओळखीच्या आकड्यावर आलं. इथे ते थांबतं, असं लेकीच्या अंगातच मुरलेलं. तिने वरिष्ठांना फोन लावला, वर्गात शिकवलेल्या क्रमाने, घाई न करता, एकेक गोष्ट पुन्हा तपासली. नीटनेटकी, मार्क मिळतात तशी. प्रेशर थांबलं नाही.

घरी येऊन ती एवढंच म्हणाली, “आई, ते तिथे थांबायला हवं होतं ना?” आणि आईचा चेहरा बघून तिला पुढचं विचारावंच लागलं. तेव्हा कुठे बाईंनी तळाचं सांगितलं.

आता पुतळ्याच्या छातीवर तारा लावत ती म्हणाली, “वजन सांगते, लिही. वय माझ्याएवढंच. रक्त आधीपासून थोडं कमी. तळ काढ.”

“काढते.”

“काढलास?”

“काढला गं.”

काढला होताच. पण मग बाईंचा हात तिथून स्क्रीनवरच्या आणखी एका सरकत्या पट्टीवर गेला. रक्त कमी झाल्यावर शरीर सावरायला किती जोर लावणार, हे ठरवणारी ती पट्टी. बाईंनी ती खाली ओढली. हिला सगळं अचूक करू दे, लगेच करू दे, आणि तरीही पेशंट जाऊ दे. म्हणजे ही घास तरी गिळेल, अंथरुणाला पाठ लावेल. या खुर्चीत बसून आपण कधी लबाडी केली नाही, अशीच त्यांची समजूत होती. तळाला त्यांनी लबाडीत धरलंच नव्हतं.

“सुरू कर. आणि आवाज दे.”

“आवाज कशाला?”

“ती बोलत होती. शेवटपर्यंत.”

लेकीचे हात चालू लागले, न अडखळता. दोन्ही हातांना सलाईन, पोटावर दाब, औषध, रक्त मागवलं, सगळं एका दमात. बाईंनी बटण दाबलं आणि पुतळ्याच्या गळ्यातून आवाज आला, “डॉक्टर, थंडी वाजतेय.”

“ती मला ताई म्हणत होती.”

बाईंनी पुन्हा बटण दाबलं.

“ताई, थंडी वाजतेय.”

“पांघरूण देते हं. आलंच रक्त.”

“ताई, झोप येतेय मला.”

“झोपायचं नाही. माझ्याकडे बघ. बाळाचं नाव काय ठेवणार?”

बाईंनी बटणावरचं बोट उचललं. मॉनिटरवर प्रेशर ओळखीच्या आकड्यावर आलं, तो ओलांडून खाली गेलं, आणि जातच राहिलं. मग रेघ सपाट.

“बघ,” बाई माइकमध्ये म्हणाल्या, स्वतःच्या आवाजात. “सगळं वेळेवर केलंस. तरी गेली. कुणाच्याच हातात नव्हतं ते.”

लेकीचे खांदे खाली आले. तिने पुतळ्याच्या पोटावरचे हात काढले, नुसतीच उभी राहिली. बाईंना वाटलं, सुटली पोर. तेवढ्यात ती मॉनिटरकडे वळली आणि आलेख मागे नेऊ लागली.

“आई, नाडी.”

“काय नाडीचं?”

“एवढं रक्त जातंय आणि नाडी वाढलीच नाही. तिची पळत होती. बोटाखाली मोजता येत नव्हती, इतकी.”

“प्रत्येक शरीर वेगळं असतं.”

“तरुण बाईचं हृदय असं हातावर हात ठेवून बसतं? तू काय हलवलंस?”

“काही नाही.”

“आई.”

“थोडं. सावरायची ताकद थोडी कमी केली.”

“किती थोडी?”

बाईंनी पट्टीकडे बघितलं. “जवळजवळ सगळी.”

लेक काचेजवळ आली. आतून ती अगदी नाकासमोर दिसत होती, तिच्या श्वासाने काच धुरकटत होती.

“म्हणजे खरा आकडा ठेवला असतास, तर ती वाचली असती.”

“मी तसं म्हटलं नाही. थांब, परत चालवते. जसं होतं तसं, काही न हलवता. तुझी शपथ.”

“नको. आता तू काहीही दाखवलंस, तरी मला कसं कळणार तुझा हात कुठे होता ते? आधी तळ लावून फसवलंत, आता ताकद काढून.”

बाई उठल्या, मधलं दार उघडून बाहेरच्या खोलीत आल्या. काच मध्ये नसताना लेक आणखी वाळलेली दिसत होती.

“मग मी काय करायला हवं होतं? तू सांग. जेवत नाहीस, झोपत नाहीस. हॉस्पिटलच्या चौकशीला जाशील तेव्हा खाली मान घालून सगळं कबूल करून येशील, हे मला दिसतंय. ऐक, मी येते तुझ्याबरोबर. तळाचं मी सांगते सगळ्यांना. प्रोफेसर काय म्हणायचं ते म्हणोत.”

लेक पुतळ्याच्या छातीवरच्या तारा काढत होती. एकेक गुंडाळून तिने ट्रेमध्ये ठेवली.

“तिथे तू काय सांगणार आहेस?” बाईंनी विचारलं. “बयो, विचारतेय मी. तिला वाचवायला वेळ होता, असं सांगणार आहेस का?”

लेकीने हातमोजे उतरवून डब्यात टाकले, खुर्चीवरची पिशवी खांद्याला लावली आणि दार ढकलून निघून गेली.