बशीला वाफ

पाचोऱ्याच्या पितांबरभाऊंच्या हातची कॉफी ज्याने प्यायली नाही, त्याने त्या भागातलं लग्न अर्धंच पाहिलं असं खुशाल समजावं. पितळी टाकीचं यंत्र, खाली गॅसची शेगडी, बाजूला वाकडी नळी. मांडवात शेवटची पंगत उठायला लागली की ती नळी दुधाच्या भांड्यात शिरायची आणि असा काही फूत्कार करायची की बँडवालेही क्षणभर वाजवायचे थांबत. दूध, साखर, कॉफीची पावडर आणि वाफ, एवढाच सगळा कारभार. पण वर आलेला तो फेस ओठावर मिशीसारखा बसला नाही, तर माणसाला लग्नाला गेल्यासारखं वाटत नसे.

भूमिका ही त्यांची एकुलती एक लेक. फेसावर कोकोची पूड भुरभुरायचं काम तिचं. नवरदेवापेक्षा आपलं काम मोठं, अशी तिची पक्की समजूत होती. पूड टाकताना ती करवल्यांच्या साड्या बघत बसली की बापाची हाक यायची, "पोरी, हात चालाड! मांडव थांबेल शे." हात चालव, सगळा मांडव खोळंबलाय. लग्नघरी कपबशांची सरमिसळ होते म्हणून प्रत्येक बशीच्या पाठीवर लाल नेलपॉलिशने 'पि' काढलेला असे. नेलपॉलिश आईची, शेवंताबाईंची, आणि अक्षर भूमिकाचं, पहिलीतलं, वेलांटी पार बशीच्या कडेपर्यंत गेलेली. त्या बशा पितळी टाकीच्या डोक्यावर पालथ्या रचलेल्या असत. धुतल्यावर वाळत घातल्यात, असं तिला वाटायचं.

मग केटररवाले आले, कागदी कप आले, आणि पितांबरभाऊंचा धंदा बसला. यंत्र घराच्या कोपऱ्यात गेलं. त्यावर आधी वर्तमानपत्रं साठली, नंतर गोधड्या.

भूमिका पुण्याला हॉटेलचा कोर्स करायला गेली आणि एका कॅफेत कॉफीच्या यंत्रामागे उभी राहिली ती राहिलीच. तिथे तिची जीभ तयार झाली. बी कधी भाजलंय, दळण किती बारीक हवं, हे ती वासावरून सांगू लागली. दूध तर तिला शिकवावंच लागलं नाही. भांड्याला हाताचा तळवा जेमतेम सोसेल तिथे वाफ बंद करायची, त्यापुढे दुधाची गोडी जाते, हे पुण्याच्या मास्तरांनी सांगितलं. पण ती वेळ आवाजावरून ओळखायला तिचे कान लहानपणीच शिकले होते. कपातल्या कॉफीवर दुधाच्या फेसाने पानाची नक्षी काढावी तर तिनेच.

आई गेली आणि सगळं बदललं. पितांबरभाऊ एकटे. फोनवर "जेवनू ना माय" म्हणायचे, आणि शेजारची भिकुबाई सांगायची की भाऊंनी आजही शेव-मुरमुऱ्यावर भागवलं. भूमिकाने पुणं सोडलं. तिकडचा मालक म्हणाला, "अगं, तुमच्याकडे कॉफी पितं कोण?" ती म्हणाली, "माझ्या बापाने आयुष्यभर पाजली आहे, कोणीतरी प्यायलंच असेल ना!"

बोलायला सोपं होतं. जळगावातला पहिला कॅफे म्हणजे फुग्यांची भिंत, फोटो काढायला झोपाळा आणि कॉफीत अर्धा कप चॉकलेटचा पाक. बियांचं पाकीट कधी फोडलं होतं ते मालकालाही आठवत नव्हतं. वास घेतला तर जुन्या पोत्याचा. दुसऱ्या कॅफेत काउंटरवर इटालियन यंत्र दिमाखात उभं होतं. झेंडूचा हार, हळदकुंकू, सगळं यथासांग. फक्त त्याला पाण्याची नळीच जोडलेली नव्हती, आणि कॉफी आतल्या ओट्यावर पाकिटातली पावडर ढवळून होत होती. भूमिकाने नळी कधी जोडणार विचारलं. मालक म्हणाला, "ताई, ते शोसाठी आहे." तिने त्याच दिवशी एप्रन काढून ठेवला. तिच्या स्वभावात गोडवा जरा कमीच आहे, सगळा दुधात जातो.

धुळ्याला देवपुरात मात्र ज्ञानेश्वरदादाचं दुकान सापडलं. हा माणूस बरीच वर्षं बंगळुरात नोकरी करून परतलेला. त्याने मुलाखतीत काही विचारलंच नाही. स्वतः केलेली बिनदुधाची कॉफी पुढे ठेवली आणि म्हणाला, "काय चुकलंय?"

भूमिकाने घोट घेतला. "दळण फार बारीक झालंय, दादा. कडवट उतरली."

"मग दुरुस्त कर," तो म्हणाला आणि काउंटरचं दार उघडून बाजूला झाला. त्या क्षणी तिला जे वाटलं त्याला आनंद म्हणणं कमी पडेल. खानदेशात आपल्याला जागा आहे, आठवड्याच्या सुट्टीला एसटीत बसलं की बाप आहे, आता कुठे जायला नको, असं सगळं एकदम वाटलं.

उन्हाळा, पावसाळा छान गेला. मग थंडी पडली, आणि धुळ्याची थंडी काय असते ते धुळेकरालाच विचारावं. सकाळी फिरून आलेली वडीलधारी मंडळी मफलर गुंडाळून कॅफेत यायला लागली. त्यांचे म्होरके अभिमन नाना, आयुष्यभर कापसाची दलाली केलेले. नानांनी पहिल्याच दिवशी कॉफीचा घोट घेतला आणि बशी पुढे सरकवली.

"पोरी, कोमट शे ही. घरमा पावना ऊना तं आसं कोमट देतस का?"

भूमिकाने दुसरी करून दिली. तीही परत. तिने कप वाफेवर कढत करून ठेवले, तरी तेच. दूध उकळलं की गोडी जाते, हे तिने नानांना समजावून सांगितलं. नाना म्हणाले, गोडीसाठी साखर आहे की. हळूहळू बाकीचेही कप परत धाडू लागले, 'देवपुरात कोमट कॉफी मिळते' असं नाव झालं, आणि खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या.

ज्ञानेश्वरदादा चांगला, पण दुकानदारही होताच. "संक्रांतीपर्यंत बघू भूमिका," तो मान खाली घालून म्हणाला. "नाहीतर दूध उकळायचं आणि पावडर आणायची. मला दुकान टिकवायला हवं." उकळलेलं दूध आणि पावडर म्हणजे हेही दार बंद. चौथं दार इकडे नव्हतं. पुन्हा पुणं, आणि पुन्हा शेव-मुरमुरे.

सुट्टीच्या दिवशी ती पाचोऱ्याला आली ती तोंड पाडूनच. पितांबरभाऊंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. तिने चतकोरही खाल्ली नाही, तेव्हा त्यांनी विचारलं, आणि मग सगळं बाहेर आलं.

"आबा, कप हाताला चटका बसेल इतका गरम असतो. तरी म्हणतात कोमट! आणि मी एवढं पान काढते कपात, ते न बघता धाडकन बशीत ओततात."

पितांबरभाऊंचा घास हातातच राहिला. "बशीमा?"

"मग काय! फुर्र करून पितात."

"कपले वाफ देस ना तू?"

"देते की."

"मंग बशीनी काय पाप करं? तिले वाफ कोन दी, तुना बाप?"

पुण्याच्या कॅफेत बशी फक्त कप ठेवायला असायची. तिथे कोणी बशीत ओतत नसे, त्यामुळे बशी तापवायचं कोणी शिकवलंही नव्हतं. इथे पौषातल्या गार, पसरट बशीत कॉफी पडली की ओठांपर्यंत पोचेतो गारठून जात होती.

मग पितांबरभाऊंनी धरणगावच्या लग्नाची गोष्ट सांगितली. भूमिका तेव्हा पाळण्यात होती. नवरदेवाची आई कॉफी बशीत ओतून प्यायली आणि बशी खाली ठेवून म्हणाली, आमाले कोमट दिधं. झालं! वरपक्ष रुसला, मुलीचा बाप हात जोडत फिरायला लागला. पितांबरभाऊंनी एक बशी घेतली, नळीखाली धरून तिला वाफ दिली, चांगली कढत केली, तिच्यात कॉफी ओतली आणि स्वतः विहीणबाईंपुढे नेऊन धरली. त्या फुर्र करून प्यायल्या आणि वरात निघाली. त्या दिवसापासून त्यांच्या बशा टाकीच्या डोक्यावर असत.

"मला वाटायचं, वाळत घातल्यात," भूमिका म्हणाली.

"थंडीमा बशा वाळाले टाकाले मी याडा शे का?" म्हणत ते माळ्यावर चढले. खाली आलं ते शेवंताबाईंच्या जुन्या साडीत बांधलेलं गाठोडं. आत त्याच खोलगट बशा. भूमिकाने एक उलटी करून पाहिली. लाल 'पि' थोडा खरवडला होता, पण वेलांटी अजून कडेपर्यंत गेलेली. ती साडी नाकाशी धरून ती बराच वेळ बसली. आईचा वास त्यात राहिला नव्हता, तरी बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवपुरात अभिमन नानांसमोर त्यातलीच एक वाफाळती बशी आणि वर कप आला. नानांनी सवयीने ओतलं, फुंकर मारली, फुर्र केलं आणि एकदम डोळे मिटले. दूध उकळलेलं नव्हतं, साखरेचा कणही नव्हता. त्यांनी दुसऱ्यांदा ओतलं.

"हां! आते पावनासारखं वाटनं," नाना म्हणाले. मग जरा थांबून, "गोड शे वं." शेजारच्यांनीही बशीतल्याच मागवल्या.

संक्रांत आली आणि गेली. पावडर आली नाही. ज्ञानेश्वरदादाने कपाला शोभणाऱ्या पसरट बशा खोक्यात घालून टाकल्या आणि भूमिकाने पान काढायचं सोडलं नाही. नाना ओतण्याआधी आता क्षणभर त्याच्याकडे बघतात.

एक दिवस सकाळच्या गर्दीत दारात पितांबरभाऊ उभे. पारोळ्यामार्गे पहिल्या एसटीने आलेले, डोक्यावर टोपी, खांद्यावर रुमाल, हातात तिळाच्या लाडवांचा डबा. कॅफेत ते जन्मात गेले नव्हते. ज्ञानेश्वरदादाने त्यांना काउंटरजवळ बसवलं. ते आधी यंत्र न्याहाळत राहिले. भूमिकाने दुधात वाफ सोडली तेव्हा मान किंचित तिरकी करून ऐकू लागले, आणि जिथे तिने वाफ बंद केली नेमकी तिथेच मांडीवर ताल धरलेली त्यांची बोटं थांबली.

तिने कप पुढे ठेवला. मांडवातल्या हजारोंना पाजणारा हा माणूस पोरीच्या हातची पहिल्यांदा पीत होता. त्यांनी सावकाश बशीत ओतली, सावकाश प्यायले. भूमिकाला विचारायचा धीर होईना, ज्ञानेश्वरदादानेच विचारलं, "कशी झाली भाऊ?"

पितांबरभाऊ उठले, काउंटरच्या आत आले, नळाखाली बशी विसळली, खांद्यावरच्या रुमालाने कोरडी केली आणि यंत्राच्या डोक्यावर पालथी ठेवली. लाल 'पि' वर आला. मग ते तिथेच, यंत्राच्या बाजूला, मांडवातल्या त्यांच्या नेहमीच्या जागी उभे असावेत तसे उभे राहिले.

भूमिकाला पुढचं दिसेनासं झालं. समोर माणसं खोळंबली होती आणि ती दुधाचं भांडं हातात घेऊन नुसती बापाकडे बघत होती.

"पोरी, हात चालाड," पितांबरभाऊ म्हणाले. "मांडव थांबेल शे."