पोत धरणारा हात

निजामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आमच्या येरमाळ्याकडं दवाखान्याला शफाखानाच म्हणायचे. उसाच्या चरकात कांडं सारताना आईचा उजवा हात आत ओढला गेला. बैल थांबवेस्तोवर पंजा चेंदला होता. सोलापूरच्या शफाखान्यात बोटं वाचली, पण बधिर झाली. जाण येईल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

तिथंच आईनं नवस बोलला, "हा हात पहिल्यांदा धरंल ते तुळजाभवानीचा पोतच." पोत म्हणजे तेलात भिजवलेला, पीळ दिलेल्या कापडाचा जळता काकडा. मग काय, घरी आल्यावर हात कायम पदराखाली! जेवणसुद्धा डाव्या हातानं. वडील म्हणायचे, "अगं, हलव की जरा." आईचं एकच, "देवीच्या आधी न्हाय."

पुढच्या खेपेला बोटं लाकडासारखी ताठ. डॉक्टर असे तापले! "बाई, पोत धरायचा ना? मग मूठ नको का वळायला?"

एवढं साधं आमच्या घरात कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पोताची तालीम म्हणजे काही नवस मोडणं नाही, अशी तिनंच मनाची समजूत घातली.

मग रोज कोमट पाण्यात हात, नंतर ओल्या मातीचा गोळा दाबायचा. कळवळायची, मनगट धरून बसायची, पण करायची. जाण यावी म्हणून डॉक्टरांनी आणखी एक काम सांगितलं होतं, ते मी पळवलं. तिचे डोळे मिटवून मी बोटांवर चिंचोका, कवडी, ज्वारीचा दाणा ठेवायची आणि ओळख म्हणायची. मला तर नादच लागला. बोट हलतं, मग त्याला कळत कसं नाही? मी चिमटा काढायची. "दुखलं?" "न्हाय." मग हे बोट आता आहे तरी कुणाचं? कधी ती अचूक ओळखायची आणि मी उड्या मारायची. पण बाई लई लबाड, एक डोळा किलकिला करून बघायची! मला इतका राग यायचा. एकदा म्हणाली, "तुझं तोंड उतरतं गं, म्हणून बघते."

नवसाच्या दिवशी तुळजापूरला तिनं पोत धरला. मूठ वळली, घट्ट वळली. वडील डोळे पुसायला लागले. मी मात्र बोटांकडंच बघत होते. जाळ इतका जवळ, हिला काहीच कळत नसंल का?

तेवढ्यात तापल्या तेलाचा थेंब बोटावर पडला.

"आई गं! भाजलं!" ती ओरडली.

बायका पोत घ्यायला धावल्या. आईनं काही सोडला नाही. ती रडत होती, हसत होती.

"थांबा गं," म्हणाली, "भाजू द्या जरा."